क्लच : ठीक

आमच्या गाडीचं इंजिन बदललं त्याला आता खूप वर्षं झाली. ती गाडी राहिली नाही, ते गॅरेज राहिलं नाही, गॅरेजच्या जागी चार मजली इमारत उभी आहे. राग मात्र माझ्याकडे अजून आहे आणि चांगल्या स्थितीत आहे. घरातली माणसं म्हणतात, इतक्या वर्षांनी कशाला तेच तेच उगाळायचं. म्हणू देत. मी उगाळणार आहे.

आधी माझ्या पायाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी चार वर्षांची असताना पोलिओनं माझा डावा पाय गेला. गेला म्हणजे जागेवर आहे, चालताना माझ्याबरोबर येतो, पण त्याच्यात जोर नाही. कलकत्त्याच्या बसमध्ये चढायला दोन्ही पाय आणि एक कोपर लागतं, त्यामुळे बस माझ्यासाठी नव्हतीच. ट्राम थांबायची, पण चढून आत जाईपर्यंत कुणीतरी दंड धरून ओढायचं आणि वर सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं हळहळायचं. मला दोन्ही आवडत नसत.

माझा जन्म भवानीपूरचा. वडील कॉलेजात इतिहास शिकवायला म्हणून कलकत्त्याला आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली. मी एम.एस्सी. होऊन एस्प्लनेडच्या पलीकडच्या एका मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा वडिलांनी गाडी घेतली. सत्तावन्न सालचं मॉडेल. घेतली आणि म्हणाले, "चालवायला तू शिकायचंस. मला या वयात नको." रविवारी सकाळी आम्ही बराकपूरला जायचो आणि छावणीतल्या रिकाम्या रस्त्यांवर मी गाडी शिकायची.

पण क्लच दाबला जाईना. उजव्या पायाला ब्रेक आणि अॅक्सिलरेटर जमत होते, डावा पाय क्लचवर नुसता थरथरत राही. तेव्हा वडिलांनी आमच्या मिस्त्रींना विचारलं. हे मिस्त्री बालीगंजच्या एका गल्लीत गॅरेज चालवायचे. वडिलांच्याच वयाचे, चौथी शिकलेले. मी त्यांना मिस्त्रीकाका म्हणायची. त्यांनी मला गाडीत बसवलं, पाय दाबायला लावला, बराच वेळ नुसते बघत राहिले. मग गाडीखाली शिरले. क्लचचं पेडल दाबलं की खालची एक सळई ओढली जाते आणि ती गिअरबॉक्सच्या बाजूला असलेली एक लोखंडी दांडी फिरवते. ही दांडी चार इंचांची होती. मिस्त्रीकाकांनी लोहाराकडून दोन इंचांचा तुकडा जोडून ती सहा इंचांची करून घेतली. पेडल आधीपेक्षा जास्त खाली जायला लागलं, पण जोर कमी लागायला लागला. तरफेचा नियम मी वर्गात फळ्यावर काढून शिकवते. त्यांनी तो माझ्या पायाकडे बघून काढला होता.

त्या दोन इंचांवर मी बारा वर्षं गाडी चालवली. शाळेत, बाजारात, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला दंड धरू द्यायचा नाही.

मधल्या काळात लग्न झालं. नवरा पुण्याचा, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी, बदली होऊन इथं आलेला. मराठी मंडळींच्या गणपतीत ओळख झाली. माणूस सज्जन, टापटिपीचा, प्रत्येक गोष्टीची वही घालणारा. दुधाची वही, धोब्याची वही, आलेल्या-गेलेल्या पत्रांची वही. मला त्याचं कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू. वडील गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली आणि रविवारी कधीमधी हेही ती चालवायला लागले.

अशाच एका श्रावणातल्या रविवारी त्यांनी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दक्षिणेश्वर दाखवायला नेलं. परत येताना पाऊस झाला आणि कॉलेज स्ट्रीटच्या बाजूला गुडघ्याच्या वर पाणी भरलं. गाडी बंद पडली. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायची नाही, उतरायचं आणि ढकलायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यांनी तीनदा सुरू करायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती सुरू झाली, पाणी आत ओढलं गेलं, आतल्या दट्ट्याचा दांडा वाकला आणि इंजिनाच्या बाजूला मुठीएवढं भोक पाडून बाहेर आला. पाहुण्यांना घेऊन हे हातरिक्षातून घरी आले आणि मला म्हणाले, "गाडीनं जरा दगा दिला." गाडीनं!

मी तेव्हा फार बोलले नाही. पाहुणे होते.

मिस्त्रीकाकांनी इंजिन पाहून मान हलवली. हे काही जोडण्यातलं नाही, म्हणाले. आणि सत्तावन्नच्या मॉडेलचं धड इंजिन आता सगळ्या शहरात मिळायचं नाही. मल्लिकबाजारात जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एकाकडे पासष्टच्या मॉडेलचं एक इंजिन होतं, गिअरबॉक्ससकट. ते आपल्या गाडीत बसेल का, ते बघावं लागेल. "होये जाबे," होऊन जाईल, असं म्हणून त्यांनी विडी पेटवली.

'होये जाबे'वर विसंबून राहील तो माझा नवरा कसला. त्यांनी नवीन वही आणली. पहिल्या पानावर पट्टीनं रेघा मारल्या. डावीकडे 'जुने', उजवीकडे 'नवे', शेवटच्या रकान्यात 'शेरा'. एकूण तेवीस मुद्दे. इंजिन ज्या पायांवर सांगाड्यात बसतं त्यांच्यातलं अंतर. पंखा आणि रेडिएटर यांच्यात राहणारी फट. धुराची नळी कुठल्या बाजूनं निघते ती बाजू. गिअरच्या दांड्याची लांबी. मीटरची तार कुठं लागते ते. इंजिनाचा नंबर, कारण तो ब्लू बुकात, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात, बदलून घ्यावा लागणार होता. एका इंजिनाला दुसऱ्या सालच्या गाडीत नांदवायचं तर किती गोष्टी जुळाव्या लागतात, हे ती वही वाचताना मलाही नव्यानं कळलं, आणि मला ते सगळं अतिशय आवडलं.

मापं घ्यायला मला बरोबर मल्लिकबाजारात जायचं होतं. "तू कुठं येतेस तिथं?" हे म्हणाले. "खड्डे आहेत, ग्रीस आहे, घसरशील." एकदा हट्टानं गेले, तर मला गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसवून ठेवलं आणि हे नि मिस्त्रीकाका आत गेले. गाडी माझी, चालवायची मी, आणि मी ऊन खात बाहेर बसलेली. अर्ध्या तासानं हे टेप गुंडाळत आले आणि म्हणाले, "छान जमतंय."

घरी चहा घेताना मीच सांगितलं की बॅटरीचं बघा. जुन्या मॉडेलांत बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडलेलं असायचं, नंतरच्यांत उणे. नवा डायनामो तसाच जोडला तर जळून जाईल. यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी वहीत चौदावा मुद्दा दिसला: 'बॅटरी, अधिक-उणे तपासणे'. कुणी सांगितलं त्याचा पत्ता नाही. वर मिस्त्रीकाकांना हे असं समजावत होते म्हणे, जणू स्वतःच फिजिक्स शिकवतात.

एकोणिसावा मुद्दा होता: 'क्लच'. शेऱ्यात लिहिलं होतं: 'ठीक'.

मी तो वाचला आणि विश्वास ठेवला. ज्या माणसानं माझ्यासाठी ती दांडी घडवली, तोच इंजिन बसवत होता. विचारायचं काय त्यात?

भाद्रपद लागता लागता गाडी घरी आली. इंजिनाचा आवाज असा गोड होता की शेजारच्या बाई गच्चीतून बघायला आल्या. मी शाळेची पिशवी मागच्या सीटवर टाकली, बसले, डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला.

पेडल अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. मी सीटची कड धरून पुन्हा दाबलं. मांडीपर्यंत कंप सुटला. गिअर कसाबसा पडला, पण पेडल धरून ठेवता आलं नाही, पाय सुटला आणि गाडी उसळी मारून समोरच्या घराच्या पायरीवर चढली. पायरीचा टवका उडाला. गच्चीतल्या बाई आत गेल्या.

हे धावत आले. "लागलं का?" म्हणाले. आणि मग लगेच, फारच लगेच, "असू दे. आपण ड्रायव्हर ठेवू. तसेही दिवस बरे नाहीत."

दिवस बरे नव्हते हे खरं. भिंती नक्षलवाद्यांच्या घोषणांनी भरल्या होत्या, संध्याकाळी कुठं ना कुठं बॉम्ब फुटल्याचा आवाज यायचा, दुकानं वेळेआधी बंद व्हायची. यांच्या कचेरीतले सगळे अधिकारी ड्रायव्हर ठेवत. साहेबांची बायको लंगडत येऊन गाडी स्वतः हाकते, याची तिथं चर्चा होत असे, हे माझ्या कानावर आलं होतं. पण मला ड्रायव्हर नको होता. ड्रायव्हर म्हणजे त्याची वाट बघणं. तो आजारी पडला की शाळा बुडणं. शाळा सुटल्यावर मला मैदानाच्या कडेला गाडी थांबवून दहा मिनिटं नुसतं बसावंसं वाटलं, तर का बसायचं ते कुणाला तरी सांगणं. त्या गाडीत मी कुणाची कुणी नसायची. ते मला हवं होतं, परत हवं होतं, आणि ते एका पेडलपाशी अडलं होतं.

माझा सगळा राग मिस्त्रीकाकांवर होता. म्हातारा झाला, विसरला, असं म्हणून सोडून द्यायची माझी तयारी नव्हती. मी यांच्याकरवी निरोप पाठवले. जुन्या गिअरबॉक्सची दांडी काढून नव्याला लावा म्हणावं. हे संध्याकाळी येऊन सांगायचे, "जुनं सगळं भंगारात गेलं म्हणतो." दुसऱ्यांदा पाठवला, तर "पूजेनंतर बघू म्हणतो". मी रोज सकाळी रिक्षा, मग ट्राम, मग पुन्हा रिक्षा करून शाळेत पोचायची आणि पहिल्या तासाला उशीर व्हायचा. हेडमिस्ट्रेस फक्त घड्याळाकडे बघायच्या. घरी आल्यावर मी यांच्याशी भांडत होते की तुमचा मिस्त्री कामचुकार आहे, खोटारडा आहे, बारा वर्षांची ओळख विसरला. हे मूग गिळून ऐकून घ्यायचे. मला वाटायचं, किती शांत माणूस आहे.

शेवटी मी शाळेच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा मोठा काटा मागून आणला, हुक असलेला, वीस किलोपर्यंत मोजणारा. खुर्चीच्या पायाला दोरी बांधून, मध्ये काटा अडकवून डाव्या पायानं ताणून पाहिलं. दहा आकडे मोजेपर्यंत मी बारा किलो धरू शकत होते, त्यापुढे नाही. आता तिकडचा आकडा हवा होता.

तो विश्वकर्मा पूजेला मिळाला.

त्या दिवशी कलकत्त्यात गॅरेजं, कारखाने, छापखाने, सगळ्यांकडे पूजा असते. आदल्या दिवशी यंत्रं धुवायची, रंगवायची, हत्यारं मांडून ठेवायची आणि पूजेच्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. मिस्त्रीकाका दर वर्षी आम्हाला खिचडी खायला बोलवायचे. त्या वर्षी हे म्हणाले, "नको जायला, तुला राग येईल." मी म्हटलं, राग घेऊनच जायचंय. गाडी यांनीच चालवली. मी बाजूला बसले, मांडीवर पिशवीत काटा.

गॅरेज ओळखू येत नव्हतं. जमीन झाडलेली, दारात केळीचे खांब, वर आभाळ पतंगांनी भरलेलं. आमची गाडी तपासणीच्या खड्ड्यावर उभी केली आणि कुणीतरी तिच्या नाकाला झेंडूची माळ बांधली. मिस्त्रीकाका धुतलेल्या धोतरात, कपाळाला टिळा लावून, मोठ्या पातेल्यातून खिचडी वाढत होते. मी त्यांच्याशी बोलले नाही. सरळ मूर्तीपुढे गेले, नमस्कार करायला.

मूर्तीच्या पायाशी नट आवळायचे पाने, हातोडे, जॅक मांडले होते आणि मधोमध एक गिअरबॉक्स ठेवला होता, चंदेरी रंग दिलेला, शेंदराचं बोट लावलेला. त्याच्या बाजूनं एक दांडी बाहेर आलेली. सहा इंचांची. मध्ये लोहाराच्या जोडाची गाठ.

माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. भंगारात गेलेली माझी दांडी इथं देवापुढे बसून पूजा करून घेत होती.

मी तिथूनच बंगालीत ओरडले. सगळी पंगत थांबली. म्हटलं, काका, हे काय आहे? मला सांगता भंगारात गेलं? बारा वर्षं मी या दांडीवर चालले आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात? गाडीत नवं इंजिन बसवलंत, तेवीस गोष्टी मोजल्यात, एकदाही तुमच्या डोक्यात आलं नाही की दाबणार कोण आहे?

मिस्त्रीकाकांनी पळी खाली ठेवली. हात धोतराला पुसले. हळू आवाजात म्हणाले, "आमि तो जिग्गेश कोरेछिलाम, दिदि. गाडि चालाबे के?"

मी विचारलं होतं, दिदी, गाडी कोण चालवणार म्हणून.

कुणाला विचारलंत, हे मी विचारलं नाही. ते माझ्या मागे बघत होते. पुढचं त्यांनी फार सावकाश सांगितलं. इंजिन घ्यायच्या आधीच त्यांनी जावईबापूंना विचारलं होतं. दिदी चालवणार असेल तर दांडी बदलावी लागेल, ती ज्यावर बसते तो नवा दांडा जुळतो का ते बघावं लागेल, चार दिवस जास्त लागतील. जावईबापू म्हणाले, नको, आता ड्रायव्हर चालवेल, दिदी चालवणार नाही. जुनं सगळं टाकून द्या, असंही म्हणाले. "आमि फेलि नि," मिस्त्रीकाका म्हणाले. मी टाकलं नाही. आणि निरोप? कुठले निरोप? त्यांना एकही निरोप मिळाला नव्हता.

मी मागे वळले. माझा नवरा केळीच्या खांबाशी उभा होता, कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा-पायजमा घालून, हातात खिचडीचा द्रोण. त्याच्या चेहऱ्यावर अपराध होता, आणि त्याहून जास्त, पकडलो गेलो याची लाज होती.

"तुझ्या काळजीपोटी," हे म्हणाले. "रस्त्यांवर काय चाललंय ते बघतेस ना. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

नसतंच ऐकलं. म्हणून तर सांगायचं असतं! मी त्या दिवशी जे बोलले ते मराठीत बोलले, त्यामुळे पंगतीला कळलं नाही, पण आवाजावरून सगळ्यांनी मान खाली घालून जेवायला सुरुवात केली. पाण्यात इंजिन फोडलंत ते मी गिळलं. माझा चौदावा मुद्दा स्वतःच्या नावावर खपवलात तेही गिळलं. पण हा शेरा तुम्ही कुणासाठी लिहिलात? 'ठीक'! तीन आठवडे मी या म्हाताऱ्याला तुमच्यासमोर शिव्या देत होते आणि तुम्ही ऐकत बसलात.

यांनी हातातला द्रोण खांबाशी ठेवला.

मग मी मिस्त्रीकाकांकडे वळले. त्यांनाही सुटका नव्हती. "आणि काका, तुम्ही तरी मला का नाही विचारलंत? मी गल्लीच्या तोंडाशी बसले होते." त्यांनी पानात खिचडी वाढली आणि पान माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही.

पिशवीतून काटा काढला. "आज मोजायचं," मी म्हटलं.

"आज जोंत्रो धोरते नेइ, दिदि." आज हत्यार धरायचं नाही.

"तुमची पूजा आज आहे. आमच्यात हत्यारांची पूजा खंडेनवमीला. मला आज कसली आडकाठी नाही." आणि यांच्याकडे बघून म्हटलं, "यांनाही नाही. उतरा खाली."

हे खड्ड्यात उतरले. पांढऱ्या झब्ब्यानिशी. मी गाडीत बसून दोरीचं एक टोक पेडलला बांधलं, दुसरं तळाच्या फटीतून खाली सोडलं. यांनी त्याला काटा अडकवून ओढलं. दिशा अगदी तंतोतंत पेडलची नव्हती, पण कामापुरती होती. पेडल हळूहळू खाली गेलं. "वाचा," मी म्हटलं. खालून आवाज आला, "सोळा." आणि थोड्या वेळानं, कुणीही विचारलं नसताना, पुन्हा, "सोळा आहे गं."

नव्या गिअरबॉक्सच्या चार इंचांच्या दांडीला सोळा, तर सहा इंचांच्या दांडीला पावणेअकराच्या आत. माझा पाय बारा धरतो. हिशेब जमत होता. पण सत्तावन्नची दांडी पासष्टच्या दांड्यावर बसेल का? नवा दांडा जाड असेल तर सगळं मुसळ केरात. मी देवाची क्षमा मागितली आणि जुन्या गिअरबॉक्सवर दांडी जिथं बसते तिथल्या दांड्याभोवती दोरा गुंडाळला, टोकं जिथं भेटली तिथं दोन्ही टोकांना एकेक गाठ मारली. तोच दोरा खड्ड्यात दिला.

मिस्त्रीकाका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. हत्यार धरायचं नाही म्हणून दोन्ही हात मागे धरलेले, पण मान इतकी पुढे की पडतात की काय असं वाटावं.

"गाठ गाठीला लागते," हे म्हणाले. "तंतोतंत."

"होये जाबे," मिस्त्रीकाका पुटपुटले. मग मी खिचडी खाल्ली. थंड झाली होती.

दुसऱ्या दिवशी विसर्जनानंतर त्यांनी दांडी बसवली. शेंदराचं बोट तसंच होतं, ते पुसलं नाही. गाडी मी स्वतः घरी आणली. हे बाजूला बसले होते. एका पुलाच्या चढावर सिग्नलला थांबावं लागलं. चढावर क्लच अर्धा धरून ठेवावा लागतो. माझा पाय थोडा थरथरला. यांचा हात हँडब्रेककडे गेला, मध्येच थांबला आणि परत स्वतःच्या मांडीवर जाऊन बसला. दिवा बदलला, मी गाडी काढली. त्या हाताचे मी त्यांना काही गुण दिले, पण थोडेच.

ड्रायव्हर ठेवला नाही. पुढे सात वर्षं, दुसरी बदली होईपर्यंत, मी त्याच गाडीनं शाळेत गेले. त्या सात वर्षांत हे पुष्कळ बदलले, चांगल्या अर्थानं, आणि आमचा संसार बरा झाला. पण मी हेही लिहून ठेवते की मी ते विसरले नाही. माझ्या काळजीपोटी माझ्यावाचून घेतलेला निर्णय मला आजही चालत नाही. ज्या एका माणसाला नेमका प्रश्न सुचला, त्यानं तो मला सोडून विचारला. ज्या एका माणसाला उत्तर ठाऊक होतं, त्यानं ते फिरवून दिलं. आणि मी बाहेर रिक्षात बसून होते.

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती वही उघडी ठेवलेली दिसली. एकोणिसाव्या मुद्द्यापुढचं 'ठीक' पट्टीनं एकच सरळ रेघ मारून खोडलं होतं. तेविसाव्याखाली नवीन ओळ होती, यांच्या टाकानं काढल्यासारख्या अक्षरात. '२४. क्लचचे पेडल. आखूड दांडीने सोळा, लांब दांडीने साडेदहा ते पावणेअकरा. तपासणी: सौ.' आणि त्याखाली: 'गाडी कोण चालवणार:'. पुढचा रकाना कोरा होता. शेजारी पेन ठेवलं होतं, टोपण काढून. हे स्वतः आतल्या खोलीत रेडिओ लावून बसले होते, आवाज नेहमीपेक्षा कमी.

मी पेन घेतलं आणि रकान्यात 'मी' असं लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की मागच्या तीन पानांवर ते उमटलं.